अकाली फुलोरा आणि रात्रीचे माप

पीक रोगाने गेले, किडीने खाल्ले किंवा गारपिटीने झोडपले, तर शेतकऱ्याला निदान फिर्याद कोणाविरुद्ध करावयाची एवढे तरी ठाऊक असते. परंतु पाने हिरवीगार आहेत, जमिनीत ओल आहे, खताचा तोटा नाही, आणि असे असूनही जे झाड पुरुषभर उंच वाढून सप्टेंबरच्या सुमारास फुलावे अशी अपेक्षा होती ते जूनच्या आरंभी, गुडघ्याएवढे असतानाच, शेंड्याशेंड्याला फुलोरा धरून थांबते, तेव्हा त्याची मती गुंग होऊन जाते. अमेरिकेत २०१८ सालच्या कृषी कायद्याने ज्या भांगेत मादक द्रव्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक नाही तिच्या लागवडीस वाट मोकळी करून दिली आणि केंटकीपासून फ्लोरिडापर्यंत अनेकांनी हे पीक उघड्या शेतात प्रथमच घेतले; तेव्हा त्यांच्यातील पुष्कळांच्या वाट्याला हाच अनुभव आला. कोणी दोष बियाण्याला दिला, कोणी मातीला, कोणी हवेला. वास्तविक झाडाचे काहीच बिघडलेले नव्हते. ते आपल्या पंचांगाप्रमाणे अगदी वेळेवर फुलले होते, आणि ते पंचांग कोणत्या मुलखात लिहिले गेले याची चौकशी लावणाऱ्याने केली नव्हती.

भांगेचे झाड वर्षायू आहे. १७५३ मध्ये लिनियसने त्याला दिलेले कॅनॅबिस सटायव्हा हे नाव आजही प्रचारात आहे. नर आणि मादी ही सामान्यतः निरनिराळी झाडे असतात, आणि नर मादीच्या आधी फुलून परागकण उधळताच वाळू लागतो. मनुष्याने या एकाच वनस्पतीपासून सालीचा बळकट धागा, तेलकट बी आणि मादीच्या फुलोऱ्यातील राळ असे तीन जिन्नस घेतले, आणि त्यांतील तिसऱ्यामुळे पहिल्या दोहोंनाही सरकारी बंदोबस्ताखाली यावे लागले. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून ही लागवड करणे हा गुन्हा आहे. धागा, बी आणि उद्यानविद्या यांपुरती लागवडीस मुभा देण्याचा अधिकार मात्र त्याच कायद्याने सरकारकडे ठेवला आहे, आणि उत्तराखंडाने त्या आधारे परवाने देण्यास प्रारंभही केला आहे. प्रस्तुत प्रकरणातील विवेचन अशा परवानगीच्या पिकासंबंधी आहे, आणि त्याहूनही अधिक ते एका शास्त्रीय प्रश्नासंबंधी आहे. कारण वनस्पती काळ कसा ओळखतात या प्रश्नाचे आधुनिक उत्तर ज्या थोड्या झाडांनी मनुष्याला प्रथम सुचविले, त्यांत अकाली फुललेली भांग होती.

फुलोरा लवकर आला म्हणून एवढे काय बिघडले, असे अनभिज्ञ वाचकास वाटेल. परंतु या झाडाच्या आयुष्यात फुलोरा ही एक सरहद्द आहे. तिच्या अलीकडे सारे अन्नरस खोड, फांद्या आणि पाने यांच्याकडे वाहतात. ती ओलांडली की उंची वाढण्याचा वेग झपाट्याने मंदावतो आणि संचय फुलांकडे व पुढे बियांकडे वळतो. धाग्यासाठी लावलेल्या पिकात उंच, सरळ आणि फांद्या नसलेले खोड हेच उत्पन्न असल्यामुळे महिनाभर आधी आलेला फुलोरा म्हणजे तितक्याने आखूड खोड. आणि ज्याला फुलोराच हवा आहे त्याच्यापुरते बोलायचे तर गुडघ्याएवढ्या झाडावर येऊन येऊन तो किती येणार? नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात याचा व्यत्यासही करून पाहिला. शेतातील भांगेला दिव्यांच्या साहाय्याने अहोरात्र प्रकाश मिळेल अशी तजवीज त्यांनी केली, तेव्हा फुलोऱ्याकडे जाणारा अन्नरस कमी होऊन खोडांचे वजन वाढल्याचे आढळले.

या कोड्याची उकल प्रथम पॅरिसमध्ये सुरू झाली. ज्युलियाँ तूर्न्वा नावाच्या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचा मूळ विषय वेगळाच होता. जपानी हॉप आणि तिच्याच कुळातील भांग यांच्यातील लिंगभेदाचा तो अभ्यास करीत होता. १९१० च्या सुमारास, हिवाळ्यात काचघरात पेरलेली ही रोपे पुरती वाढण्याच्या आतच फुलली, हे त्याच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर त्याने काचघरातील उष्मा किंवा कुंड्यांतील निकस माती यांवर ठपका ठेवून नवी रोपे केली असती. तूर्न्वाने मात्र एकेक कारण तपासून वगळण्याचा मार्ग धरला. उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांतही रोपांना रोज थोडेच तास उजेड दिला आणि उरलेला वेळ अंधारात ठेवले तर तोच अकाली फुलोरा येतो, हे त्याने प्रयोगाने दाखविले आणि १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी, १९१४ च्या आपल्या निबंधात, तो आणखी एक पाऊल पुढे गेला: फुलोऱ्याचे कारण दिवस आखूड होण्यात आहे त्यापेक्षा रात्र लांब होण्यात आहे, असे त्याचे अनुमान होते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तूर्न्वा त्यात मारला गेला. त्याचे अनुमान खरे होते हे सिद्ध व्हावयास पुढे जवळजवळ पाव शतक लागले.

तूर्न्वाच्या हातून सुटलेला धागा अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांच्या हाती, त्यांच्या स्वतःच्या एका अडचणीतून, लागला. मेरिलँडमध्ये तंबाखूची एक विलक्षण जात निपजली होती. ती दहा फुटांहून उंच वाढे, पाने भरघोस देई, पण उन्हाळाभर शेतात फुलतच नसे, त्यामुळे तिचे बी धरता येत नसे. तीच झाडे हिवाळ्यात काचघरात मात्र बेताच्या उंचीवर फुलत. तपमान, पाणी, खत, प्रकाशाची प्रखरता या सर्वांची पडताळणी करून झाल्यावर, १९१८ च्या जुलै महिन्यात त्यांनी एक अंधारी कोठडी उभारली आणि रोज दुपारी चार वाजता झाडे आत नेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर काढण्याचा क्रम ठेवला. भर उन्हाळ्यात हिवाळ्याचा दिवस मिळालेली ती तंबाखू फुलली, आणि शेजारी उघड्यावर ठेवलेली नुसतीच वाढत राहिली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने दिनमानानुसार फुलण्याच्या या गुणधर्माला शास्त्रात कायमचे स्थान मिळवून दिले. दिवस एका मर्यादेहून आखूड झाले की फुलणाऱ्या त्या लघुदिवसी वनस्पती, दिवस लांबले की फुलणाऱ्या त्या दीर्घदिवसी, आणि ज्यांना दिनमानाची पर्वा नाही त्या उदासीन, असे तीन वर्ग तेव्हापासून रूढ झाले. भांग ही पहिल्या वर्गातली.

रात्र मुख्य की दिवस मुख्य, या वादाचा निकाल १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांनी लागला. शंकेश्वर या रानटी झुडपावर काम करताना त्यांना असे आढळले की दिवसाच्या मध्येच काही वेळ अंधार केला तर फुलोऱ्यावर काहीही परिणाम होत नाही. पण दीर्घ रात्रीच्या मध्यावर अल्पकाळ दिवा लावला, तर ती सबंध रात्र रद्दबातल ठरते आणि झाड फुलत नाही. झाड मोजते ते अखंड अंधाराचे तास. ही मोजदाद पानात होते, आणि फुलण्याचा हुकूम पानाकडून शेंड्याकडे जातो, हे त्याच दशकात रशियातील चैलाख्यान यांनी दाखविले. उजेड संपला की नाही हे पानाला कळविणारे द्रव्य म्हणजे फायटोक्रोम होय. तांबड्या किरणांनी त्याचे रूप पालटते, म्हणून तांबड्या प्रकाशाचा अंश असलेला साधा, मंद दिवाही रात्रीचा भंग करण्यास पुरतो. या दोन गोष्टी वाचकाने ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे येणारे सर्व उपाय, आणि काही उपायांचा फोलपणाही, यांतूनच निष्पन्न होतो. अवेळी आलेली फुले खुडून टाकल्याने झाड पुन्हा वाढीला लागेल, ही समजूत अशीच फोल आहे. हुकूम देणारी पाने जागच्या जागी असताना आणि रात्रीची लांबी तीच असताना, खुडलेल्या फुलांच्या जागी दुसरी येतात, एवढेच.

आता हे माप प्रत्यक्ष शेतात कसे लागू पडते ते पाहू. उगवल्यानंतर काही आठवडे रोप बाल्यावस्थेत असते आणि त्या मुदतीत रात्र कितीही लांब असली तरी त्याला तिचे भान नसते. ती अवस्था सरली की त्याचे मोजणे सुरू होते. युरोपातील धाग्याच्या अनेक वाणांच्या बाबतीत फुलोऱ्याची सीमा सुमारे १४ तासांच्या दिवसाशी आहे असे आढळले आहे. याहून लांब दिवसांत फुलोरा लांबतो, आणि याहून आखूड दिवसांत तो लवकरात लवकर येतो. पॅरिसमध्ये जूनमधील सर्वांत मोठा दिवस १६ तासांहून थोडा अधिक असतो, केंटकीतील लेक्सिंग्टनला तो पावणेपंधरा तासांच्या घरात, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मायामी येथे पावणेचौदा तासांच्या आसपास, आणि आपल्या पुण्यास सव्वातेरा तास. म्हणजे जे वाण फ्रान्समध्ये मेपासून ऑगस्टपर्यंत निर्वेध वाढते, त्याला केंटकीत वाढीची मुदत बरीच कमी मिळते, आणि मायामीत किंवा पुण्यात तर त्याच्या हिशेबी उन्हाळा कधी उगवतच नाही. बाल्य संपताक्षणीच ते फुलणार. फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाचण्यांत उत्तरेकडून आणलेली वाणे खुजी राहून लवकर फुलली, ती याच न्यायाने. उलटपक्षी दक्षिणेकडचे वाण उत्तरेकडे नेले तर ते उशिरा फुलते. खोड उंच होते, धागा अधिक मिळतो, पण थंडीपूर्वी बी पिकत नाही. उत्तरेच्या शेतकऱ्याने धाग्यासाठी दक्षिणेचे बी आणावे आणि दक्षिणेच्या शेतकऱ्याने उत्तरेच्या बियाण्यापासून सावध राहावे, हा नियम यावरून सहज निघतो.

वाण योग्य असूनही फुलोरा लवकर येण्याचा दुसरा प्रसंग पेरणीच्या घाईतून उद्भवतो. समशीतोष्ण मुलखात वसंताची ऊब लागली की हात शिवशिवतात. परंतु मार्चअखेरीस दिवस बारा-साडेबारा तासांचाच असतो, आणि त्या वेळी लावलेले रोप एप्रिलअखेर जाणते होऊन पाहते तो रात्री अजून लांबच आहेत. ते फुलू लागते. याहून फसवा प्रकार घरात दिव्याखाली वाढविलेल्या रोपांचा. तेथे त्यांना रोज १८ तास उजेड मिळालेला असतो. मेच्या मध्यावर ती एकाएकी शेतात नेली की दिवस चार तासांनी आखूड होतो, आणि पानांना यातून एकच अर्थ कळतो, तो असा की उन्हाळा सरला. येथे उपाय सरळ आहे: रोपवाटिकेतील दिव्याचे तास आधीपासूनच बाहेरच्या दिनमानाशी मिळते ठेवावेत, लागण दिवस पुरेसे मोठे होईपर्यंत, म्हणजे बहुधा जूनच्या आरंभापर्यंत, लांबवावी, आणि ते शक्य नसेल तर लागणीनंतरचे काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास शेतात थोडा वेळ मंद दिवे लावून रात्रीचे दोन तुकडे करावेत. संधिप्रकाशाचाही काही भाग झाड दिवसातच धरते, त्यामुळे पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्ताच्या घटकांवरून केलेले गणित थोडे सैल ठेवणे शहाणपणाचे.

इतके करूनही झाड फुललेच, तर पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की दिवस वाढते आहेत की घटते. वाढते असतील तर धीर धरावा, कारण पुरेशा लहान रात्री मिळू लागल्या की हे झाड फुलोऱ्यातून माघारी फिरू शकते. परतीचा हा प्रवास मोठा विचित्र दिसतो: फुलोऱ्यातून निघणारी पाने पाच-सात बोटांची नसून एकेरी, गुळगुळीत कडांची आणि पिळवटलेली असतात, शेंडे गुंतल्यासारखे होतात आणि नवखा मनुष्य त्याला रोग समजून झाड उपटून टाकतो. तीन-चार आठवड्यांनी नेहमीची पाने परत येतात आणि झाड पुष्कळ फांद्यांनी फुटते. या काळात पाणी व नत्र यांची हयगय करू नये. तरी गेलेले आठवडे गेलेच. आणि धाग्याच्या पिकात तर फांद्या फुटलेल्या झाडाला मोलच राहत नाही. दिवस घटते असतील, तर माघार नाही हे ओळखून जे उत्पन्न येईल ते पदरात घ्यावे.

येथे एका खोट्या भयाचाही उल्लेख केला पाहिजे. रोप सुमारे दीड महिन्याचे झाले की पानाच्या बगलेत पांढऱ्या केसांसारख्या कुक्षींची एखादी जोडी दिसू लागते आणि लावणारा हवालदिल होतो. इस्रायलमधील संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखवून दिले की मादी झाडांवर ही एकेकटी फुले मोठ्या दिवसांतही धरतात. आखूड दिवसांनी घडते ते शेंड्यांचे रूप पालटून दाट मंजिऱ्या तयार होणे. म्हणून बगलेतील एकट्या फुलावरून एवढेच समजावे की रोप जाणते झाले आहे आणि ते मादी आहे. शेंड्यावरील पेरे आखूड होत जाणे आणि फुलांचे झुबके जमणे, हीच फुलोऱ्याची खरी खूण होय.

काही झाडे मात्र रात्रीचे माप मानीतच नाहीत. १९२४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी रशियाच्या आग्नेय भागात रानोमाळ वाढणाऱ्या ठेंगण्या भांगेचे वर्णन करून तिला रुडेरॅलिस असे नाव दिले. तेथील उन्हाळा इतका तुटपुंजा की रात्री लांबण्याची वाट पाहणाऱ्या झाडाचे बी पिकण्याच्या आतच त्याला थंडी गाठावी. म्हणून केवळ वयावर फुलणारी झाडे तेथे टिकली. या रक्ताचा संकर झालेल्या बियाण्यावर दिवे, पेरणीची तारीख आणि परतीची आशा हे सारे उपाय व्यर्थ जातात. पण याच गुणावर फिनलंडमध्ये फिनोला हे तेलबियांचे वाण सिद्ध झाले. जेथे जूनमध्ये रात्र जवळपास होतच नाही, तेथे दिनमानाकडे न पाहता लवकर फुलणे हाच त्याचा मोठा गुण. केंटकीत जो कसूर ठरतो तो फिनलंडात वरदान ठरतो.

आणि जेथे दिवस कधीच फार मोठे होत नाहीत, त्या आपल्या प्रदेशांत पूर्वी हे पीक कसे येत असे? १८९३ मध्ये नेमलेल्या भांग-गांजाविषयक सरकारी आयोगाच्या अनेक खंडांच्या अहवालात याचे उत्तर सापडते. बंगालच्या राजशाही जिल्ह्यात, आता बांगलादेशात असलेल्या नवगावच्या परिसरात, सरकारी देखरेखीखालील लागवडीचा मुलूख ‘गांजा महाल’ म्हणून ओळखला जाई. तेथे बी वाफ्यांत ऑगस्टमध्ये टाकीत, रोपे सप्टेंबरच्या सुमारास शेतात लावीत, नर झाडे ओळखून उपटण्यासाठी पोद्दार म्हणविणारा जाणकार बोलावीत, आणि माल जानेवारी-फेब्रुवारीत निघे. फ्रान्समधील वाण या वेळापत्रकात वीतभर वाढून संपले असते. तेथील देशी बियाण्याने मात्र बारा तासांच्या दिवसांतही अंग धरून वाढण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या बाणवली होती. लोकांनी निवडून ठेवलेल्या बियाण्यात त्या अक्षांशाचे पंचांग उतरले होते. उष्ण कटिबंधात धाग्यासाठी आज चीनमधील युनान प्रांतासारख्या दक्षिणेकडच्या वाणांना मागणी येते, तिचेही कारण हेच.

महाराष्ट्रातील वाचकाला हा सारा विषय परका वाटण्याचे कारण नाही. उसाला तुरा आला की वाढ थांबते, आणि असा ऊस शेतात फार दिवस राहिला तर कांडे आतून पोकळ पडू लागते. त्या तुऱ्याचा निर्णय पावसाळा सरत असताना, दिवस हळूहळू आखूड होत असताना, झालेला असतो. ज्या कोइमतूर येथे ऊस मुबलक फुलतो, तेथेच १९१२ मध्ये ऊस-पैदास केंद्र स्थापन झाले, कारण कारखान्याला नको असलेला तुरा संकर करणाऱ्याला हवाच असतो. शेवंतीच्या मळ्यांत रात्री विजेचे दिवे लावून फुले सणासुदीच्या बाजारापर्यंत लांबविणारा बागाईतदार हॅमनर-बॉनर यांचाच प्रयोग रोज करीत असतो. आपली अंबाडी, जिला इंग्रजी अंमलात दख्खनी भांग असे व्यापारी नाव मिळाले, ती कुळाने निराळी असूनही लघुदिवसीच आहे. उशिरा पेरली की ती आखूड राहून फुलते. कांद्याला डेंगळे येतात ते मात्र मुख्यतः वाढत्या रोपाला लागलेल्या थंडीने. तेथे दिवे लावून काही साधणार नाही. अकाली फुलोरा दिसायला एकच असला तरी कोणते पीक कशावरून काळ ओळखते, हे आधी निश्चित केल्यावाचून उपायाला हात घालू नये.

सारांश, उघड्या शेतातील भांगेचा अकाली फुलोरा बहुतेक वेळी औषधाने बरा होण्याजोगा नसतो, कारण तो आजारच नसतो. त्याचा बंदोबस्त पेरणीपूर्वीच व्हावा लागतो, आणि त्यासाठी तीन गोष्टींची नोंद पुरेशी आहे: बियाणे कोणत्या अक्षांशावर तयार झाले, आपल्या गावी सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, आणि रोपाचे बाल्य संपेल त्या तारखेस रात्र किती लांब असेल. बियाणे विकणारा रंग, उंची आणि उत्पन्न यांचे वर्णन आपण होऊन करतो. अक्षांश मात्र विचारल्यावाचून सांगत नाही. शहाण्या शेतकऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी तो प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळाले नाही तर ते बियाणे मूठभरच नेऊन आपल्या जमिनीत एक हंगाम पारखावे.